मधली जागा

कडक काकांना हे नाव गल्लीने दिलं होतं आणि त्यात गल्लीची काही चूक नव्हती. माणूस शहात्तर वर्षांचा, पण शर्टाची कॉलर अशी की तिच्यावर दुकानाची पाटी टेकवून ठेवावी. लाँड्री स्वतःची. दुकानामागे एक खोली, खोलीत एक खाट आणि एक खुर्ची. खुर्चीवर बसायला कोणी येत नसे, म्हणून तिच्यावर घडी केलेले टॉवेल. बोलणं मोजकं. "उद्या." "डाग नाही निघणार." "हे बटण तुमचं नाही." समोरच्या औषधांच्या दुकानातली बाई त्यांची नक्कल करायची, ती या तीन वाक्यांत पुरी व्हायची आणि गिऱ्हाईक हसून हसून खोकल्याचं औषध विसरून जायचं.

वर्षातून एक दिवस लाँड्री बंद. युद्धाच्या स्मृतिदिनाला काका छातीवर आपलं एकुलतं एक पदक लावून संचलनाला जायचे. तिथे त्यांना भोपळा भेटायचा.

भोपळा त्यांच्याच तुकडीतला. तुकडी कसली, तर धुलाईची. रणगाडा नाही, तोफ नाही. एक ट्रक, ट्रकवर बॉयलर, आणि आघाडीवरच्या इस्पितळातून येणाऱ्या चादरींचे ढीग. त्यांचा फलक रस्त्यावर आला की गर्दीतून दरवर्षी कोणीतरी म्हणायचंच, "आमचे पण दोन शर्ट घ्या हो." भोपळा चालता चालता ओरडायचा, "पावती आणा." लोक खूश. काका नाकासमोर बघत चालत राहायचे.

एक गोष्ट मात्र गर्दीच्या कधी लक्षात आली नाही. सगळं संचलन तिघातिघांच्या रांगांनी चालायचं. हे दोघेच उरलेले, पण खेटून चालत नसत. भोपळा उजवीकडे, काका डावीकडे आणि मध्ये एका माणसाची जागा मोकळी. ती उंटाची, म्हणजे त्यांच्या तिसऱ्या सोबत्याची. ट्रकवर ते तिघे होते. उंट बावीस वर्षांचा असताना नदीकाठी चादरी वाळत घालत होता आणि तिथे तोफगोळा पडला. हे दोघे ट्रकच्या पलीकडे होते म्हणून राहिले. पहिल्या संचलनापासून त्यांनी ती जागा सोडली, ती पन्नास वर्षं. त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढलं नाही. काढायचं काय होतं, दोघांनाही ठाऊक होतं.

यंदा आठवडाभर आधी भोपळ्याचा फोन आला.

"मी येत नाही रे या वेळी."

"पाय दुखतोय?"

"पाय ठणठणीत आहेत. पण लेकीकडे राहायला आलोय आता. चार तास बसमध्ये कोण हाडं खिळखिळी करून घेणार? आणि खरं सांगू का, कडक्या? आपण काय लढलो? कपडे धुतले. आयुष्यभर छाती पुढे काढून तेच सांगत फिरायचं का?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अरे बोल की. शिव्या तरी दे."

"ते मधलं…" काका म्हणाले आणि थांबले.

"काय मधलं?"

पन्नास वर्षांत न निघालेला विषय फोनवर निघेना. "काही नाही. तब्येत सांभाळ," म्हणून काकांनी फोन ठेवला आणि एक शर्ट दोनदा इस्त्री केला.

दुसऱ्या दिवशी ते संचलन समितीच्या कचेरीत गेले. तिथले चिटणीस निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले ते फक्त शाळेतून. बोलायचे ते फळ्यावर लिहिल्यासारखं, समोरच्याने उतरवून घ्यावं असं.

"हे बघा काका. मुद्दा पहिला, स्वतंत्र फलकासाठी तुकडीत किमान दोन जण हवेत. मुद्दा दुसरा, आपण एक. मुद्दा तिसरा…"

"तिसरा काय?"

"तिसरा मुद्दा असा, की पहिले दोन नीट वाचावेत. तुम्हाला आम्ही 'इतर सेवा'मध्ये घेतलंय."

"इतर."

"मानाचाच शब्द आहे."

"त्यात रांगा कशा असतात? भरलेल्या?"

"खच्चून भरलेल्या. मोकळी जागा औषधालासुद्धा दिसणार नाही, ती जबाबदारी माझी."

"मला एकट्याला चालू द्या की. मागून चालेन. सगळ्यांच्या मागून."

"एकटा माणूस रस्त्यातून चालला तर त्याला संचलन म्हणत नाहीत काका," चिटणीस प्रेमाने म्हणाले, "फेरफटका म्हणतात."

खरं कारण सांगितलं असतं तर चिटणिसांनी कदाचित ऐकलंही असतं. मास्तर मनाने वाईट नव्हता. पण उंटाबद्दल बोलायची सवय काकांच्या जिभेला नव्हती. त्यांनी टेबलावरचा वाकडा कागद सरळ केला आणि ते निघाले.

रात्रीचं जेवण खाटेवर बसून उरकताना त्यांना कवायतीचा जुना नियम आठवला. शेवटच्या रांगेत दोघेच उरले, तर त्यांनी दोन टोकांना उभं राहायचं आणि मधली जागा मोकळी सोडायची. उस्तादाने घसा फोडून शिकवलेला नियम. चिटणिसांच्या बापाला बदलता येणार नव्हता. म्हणजे सगळा प्रश्न माणसं किती येतात एवढाच.

स्मृतिदिनाला काका तासभर आधी पोचले. 'इतर सेवा'च्या फलकाखाली स्वयंपाकी होते, खेचरं सांभाळणारे होते, टपालवाले होते. काकांनी तिकीट तपासनिसासारखी माणसं मोजली. सोळा. पुन्हा मोजली. सोळाच. त्यांना धरून सतरा, म्हणजे पाच रांगा भरलेल्या आणि सहावीत दोघे. काका सहाव्या रांगेत डावीकडे उभे राहिले. उजवीकडे टेलिफोनच्या तारा ओढणारा एक ठार बहिरा गृहस्थ आला. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा, हवी तेवढी आणि हवी तिथे. आठवड्यात पहिल्यांदा काकांचे खांदे खाली आले.

बँडवाले वाद्यं उचलत होते तेवढ्यात एक बाई धापा टाकत आल्या. राखाडी कोट, हातात पर्स, आणि पदक अजून पर्समध्येच.

"सापडलं बाई एकदाचं. तीन जणांना विचारलं, तिघांनी तीन रस्ते दाखवले. मी इस्पितळातली, नर्स. पहिल्यांदाच येतेय हो. पन्नास वर्षं टाळलं, म्हटलं आता टाळायला तरी किती वर्षं उरलीयत. इथे मध्ये येऊ ना?"

"इथे माणूस आहे," काका म्हणाले. बसमध्ये रुमाल टाकलेल्या सीटबद्दल सांगावं, तसं.

बाईंनी मोकळ्या रस्त्याकडे बघितलं. मग काकांच्या कॉलरकडे. वाद घालणाऱ्यातल्या वाटत होत्या, पण घातला नाही.

"बरं. मी मागे चालते."

बँड सुरू झाला. रांगा हलल्या. काकांच्या उजव्या हाताला उंटाची जागा चालू लागली. सगळं मनासारखं होतं, फक्त मागून एकच बुटांचा जोड वाजत होता आणि तो तालात नव्हता. टक, मग उशिरा टक. मध्येच दोन पावलं पळत.

"त्या आजी एकट्याच का गं?" कडेच्या गर्दीत कोणीतरी विचारलं.

"रांग चुकली असेल बिचारीची."

"की कोणी घेतलं नाही?"

हसल्या दोघी-तिघी. वाईट हेतूने नव्हे, पण हसल्या. काकांची मान ताठ होती ती आणखी ताठ झाली. ते स्वतः एकटं चालायला मागत होते, पण त्यांच्याजवळ दोन माणसांच्या जागा होत्या. या बाईंजवळ काय होतं? काकांनीच मागे धाडलं होतं त्यांना. उंट असता तर आपल्या त्या रेंगाळत्या आवाजात म्हणाला असता, "कडक्याऽ, बाईमाणसाला मागे ठेवलंस होयऽ?" आणि स्वतःच सरकला असता गाढव.

सरकू तर द्यायचं नव्हतं त्याला.

पुढच्या कोपऱ्यावर काकांनी जागच्या जागी पाय आपटायला सुरुवात केली. चार पावलं. बाई मागून त्यांच्या बरोबरीला आल्या. त्या चालत होत्या रस्त्याच्या उजव्या अंगाने. काका डाव्या अंगाला राहिले आणि मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर धरून चालू लागले.

भोंग्यातून चिटणिसांचा आवाज आला. "इतर सेवा, शेवटची रांग, रांग मोडू नये. मोडू नये म्हणजे मोडू नये." तारवाल्याला त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही. तो पुढे अख्खी रांग स्वतःच्या मालकीची असल्यासारखा ऐटीत चालला होता.

"डावा," काका हळूच म्हणाले.

"काय?"

"डावा पाय. आता. डावा."

बाईंनी एक उडी मारल्यासारखं करून पाऊल बदललं आणि ते जमलं. मधल्या जागेकडे त्यांनी एकदा पाहिलं. भरायला मात्र आल्या नाहीत.

स्मारकापाशी "नजर उजवीकडे" झालं. पन्नास वर्षं या ठिकाणी काकांना मोकळ्या जागेपलीकडे भोपळ्याची जाड मान दिसायची, न्हाव्याने कुठेतरी कापलेली. आज एक अनोळखी पांढरा अंबाडा दिसला, पिन निसटत आलेला. त्याच्यापलीकडे दगड. सगळे उजवीकडे बघत असताना डावीकडच्या शेवटच्या माणसाकडे कोणीच बघत नसतं, हे इतक्या वर्षांत काकांना कधी जाणवलं नव्हतं.

संपल्यावर दोघे एकाच बसस्टॉपवर आले. बाईंनी काकांचा बिल्ला वाचला.

"धुलाई. म्हणजे आमच्या चादरी तुम्ही धुवायचात? कोण धुतं हे मी कधी विचारलंच नाही बघा. सकाळी असायच्या." मग, "मध्ये कोण होतं?"

"उंट म्हणायचो आम्ही."

बाई थांबल्या. घाई नव्हती त्यांना. काका सांगायला लागले आणि त्यांना कळलं की पुढचं वाक्य तयारच नाही. कधी लागलंच नव्हतं.

"तो इस्त्री फार हळू करायचा," ते शेवटी म्हणाले.

"मग?"

"मग आम्ही ओरडायचो त्याला."

बाईंची बस आली. "पुढच्या वर्षी असेन तर येईन," त्या म्हणाल्या आणि चढल्या. दांडी धरायच्या नादात मागे बघायचं राहून गेलं.

बस वळणाआड गेल्यावर काकांना आठवलं की उंटाला कवायतीचं पाऊल कधी साधलं नाही. कायम उशिरा. दोन्हीकडून धरून न्यावं लागायचं, म्हणून तर उस्ताद त्याला दोघांच्या मध्ये उभा करायचा. हे बाईंना सांगायला हवं होतं. भोपळ्याला फोन करून सांगण्यात अर्थ नव्हता. त्याला ते माहीत होतं.

निदान एके काळी होतं.