मैत्रिणीला सांगू की शेअरहोल्डरला?

इरा, नील, तुमच्या धरणावरच्या आजीची, म्हणजे माझ्या मालतीची बातमी मला हिराबाईंनी फोनवर दिली. हिराबाई मुळशीत तिच्या शेजारी राहतात, तिचं घरकाम करायच्या. "बाई, मालतीताई गेल्या. चहा म्होरं ठिवला, घ्या म्हनलं, तर..." मी पुण्यात सूसच्या आपल्या फ्लॅटच्या दारात गाडीची किल्ली घेऊन उभी होते, आणि मनात पहिला विचार आला तो सुटकेचा. आता तिला काही कळणार नाही... मग रडू आलं. पण आधी काय आलं, ते मला विसरता येत नाही. मालतीआजीबद्दल तू बोलत का नाहीस, असं तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून हे लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आलं तर इतरांनीही वाचावं.

कॉलेजात ती औषधशास्त्र शिकवायची, मी इंग्रजी. निवृत्तीनंतर ती धरणाजवळच्या घरात राहायला गेली आणि आम्हा दोघींना एक नाद लागला. नवी औषधं शोधणाऱ्या छोट्या कंपन्या हेरायच्या, आणि चाचणीचा निकाल किंवा सरकारी मंजुरी यायच्या आत अभ्यास करून त्यांचे शेअर घ्यायचे. तिच्या घरात फोनला रेंज नसे, ती मिळे फक्त गच्चीत, पाण्याच्या टाकीजवळ. तिथे तिने प्लास्टिकची एक खुर्ची कायमची मांडून ठेवली होती. बाजार उघडण्याआधी ती वर जाऊन मला फोन करी. चाचणीत रोगी किती, तुलना कशाशी, मूळ उद्दिष्ट मध्येच बदललंय का, हे ती बघे. कंपनीचं निवेदन मी वाचून दाखवी, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. 'उत्साहवर्धक' हा शब्द आहे आणि शेजारी आकडा नाही, म्हणजे काहीतरी झाकलंय, हा माझा शोध. "तुझं इंग्रजी माझ्या सायन्सपेक्षा जास्त कमावतं," ती म्हणायची. तिचा एक नियम मात्र कडक होता. एका रोग्याच्या अनुभवावरून काहीही ठरवायचं नाही. कुणाच्या मावशीला गुण आला, कुणाच्या काकांना नाही, असलं ती ऐकूनही घेत नसे.

मग तिचीच फुप्फुसं आकसू लागली. आमच्याच एका कंपनीचं त्या आजारावरचं औषध पुण्यात चाचणीत होतं. तिने नाव दिलं. मिळते ती खरी गोळी की औषध नसलेली, नुसती दिखाऊ, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही. संमतीवर सही केली त्याच दिवशी तिने आपले शेअर विकून टाकले. "आता मी आत आहे. आतल्या माणसाने बाहेर पैज लावायची नाही." मी माझे ठेवले. मी बाहेरच आहे ना, असं मीच तिला म्हटलं.

तेव्हापासून मी फोनवर कशी आहेस विचारलं, की ती म्हणे, "मैत्रिणीला सांगू की शेअरहोल्डरला?" आणि आम्ही दोघी हसत असू. मैत्रिणीला हिराबाईंच्या आळणी आमटीची तक्रार मिळे. शेअरहोल्डरला उत्तर मिळे, "कंपनीला विचारा." पण मुलांनो, मी ऐकत असे ते वेगळंच. एका श्वासात तिचं किती वाक्य होतं, ती कुठे थांबते, जिना चढून आल्यावर धाप किती टिकते... तिचा आवाज मोकळा वाटला की मला आनंद होई. तो आनंद नेमका कशाचा, हे मी कधी तपासलं नाही.

शेवटची भेट पाऊस सरल्यावरची. खाली भातखाचरं पिवळी पडायला लागली होती. ती खुर्चीत, मी नेहमीसारखी कठड्यावर. कशी आहेस, मी विचारलं. तिने तिचा प्रश्न केला, पण या वेळी हसली नाही.

"मैत्रिणीला," मी म्हटलं.

"मग ऐक. बरी नाहीये गं... जिन्यात बसत बसत वर आले आज. मुलाला सांगितलेलं नाही. तुलाच सांगतेय."

मी तिचा हात हातात घेतला, तो ऊन उतरेपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्याबरोबर मी माझे सगळे शेअर विकले.

दुपारी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि सहज विचारावं तसं म्हणाली, "विकलेस?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं केलंस. माझ्या एकटीवरून... काही ठरवू नकोस. नियम लक्षात आहे ना?"

तेवढं बोलायलाही तिला मध्ये थांबावं लागलं. माझा कान तेव्हाही तिकडेच होता. आमचं तेच शेवटचं बोलणं.

तिने ओळखलं असेल का? मी उलटसुलट फार विचार केला. ओळखलं असेल, तर तिने मला खरं बोलायची संधी दिली आणि मी ती दवडली. नसेल ओळखलं, तर माझ्यावर विश्वास ठेवून ती गेली. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

परवा तिच्या मुलासाठी घर आवरायला मुळशीला गेले होते. गच्चीत गेले. टाकीजवळ खुर्ची तशीच होती. तिच्यात बसायचं धाडस झालं नाही, कठड्यावरच बसले. रेंज आली आणि फोनवर मेसेज वाजला. कंपनीचं निवेदन होतं, चाचणीचा निकाल. औषध बहुतेकांना लागू पडलं होतं, मंजुरीसाठी अर्ज जाणार होता. शब्दांच्या शेजारी आकडे होते, सगळे. मालतीला खरी गोळी मिळत होती की दिखाऊ, हे त्यात कुठून असणार...

मी ते निवेदन मोठ्याने वाचायला लागले, तेव्हा मला कळलंही नाही की मी वाचते आहे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि सवयीने तिच्या बोलण्यासाठी थांबले. ती काय विचारेल ते मला ठाऊक होतं.

"हो, विकले," मी खुर्चीला सांगितलं.

खाली हिराबाई भांडी घासत होत्या. त्यांचा हात थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू झाला.