हौसाआत्या आणि न फोडलेल्या सुपाऱ्या

हौसाआत्या सकाळच्या पारी एखाद्याच्या अंगणात उभी राहिली, की त्या घरच्या बाईच्या हातातली केरसुणी तिथंच थांबायची. पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं, आमच्या गावाचा नकार पोचवायचं काम तिच्याकडे आहे.

पनवेलहून गाढी नदीच्या काठाने डोंगराच्या अंगाला निघालात की आमचं गाव लागतं. गावात शहाणपण बेताचं, पण रीत दांडगी. दारी आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही. मुलगी बघायला आलेला नवरदेव उघड उघड दारूडा असला तरी त्याला तांदळाची भाकरी आणि निवट्या माशांचं कालवण वाढायचं. जाताना त्याने पानावर ठेवलेली अख्खी सुपारी घ्यायची. ती फोडली तर सोयरीक पक्की. नाही फोडली, तर पुढच्या बाजाराच्या आत हौसाआत्या ती पदराला बांधून न्यायची आणि त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून यायची. बोलायचं काही नाही. गावातले पुरुष तिच्या तोंडाला वचकून होते, म्हणूनच हे बिनतोंडाचं काम त्यांनी तिच्या गळ्यात घातलं, असं माझं मत. ते मी तिला कधी सांगितलं नाही. मलाही जीव प्यारा आहे.

तिचा नवरा काशीराम हंगामभर मिठागरावर असायचा. नदीकाठची मळी हौसाआत्याची. दगड वेचून, गाळ वाहून तिनेच ती केलेली. भर उन्हाळ्यातही गाढीचं पाणी हंड्याने शेंदून ती वांगी, मुळा, माठ काढायची आणि डोक्यावर टोपली घेऊन पनवेलच्या बाजारात बसायची. वांग्यांना ती शिव्या देत वाढवायची, आणि वांगी वाढायचीही. काशीरामला त्याच शिव्या लागू पडल्या नाहीत.

छप्पन साली कमळाकर शेटच्या डोक्यात वीज शिरली. गावाच्या वर नदीला बांध घालायचा, पाणी पाटाने डोंगराच्या कडेने वळवायचं, गावाच्या खालच्या अंगाला यंत्रावर सोडायचं, आणि त्या विजेवर शेटची भाताची गिरणी चालवायची, अशी योजना. म्हणजे नदी आमच्या गावाला वळसा घालून जाणार. पावसाळा सरला की हौसाआत्याच्या मळीसमोर नुसते गोटे.

मंजुरीआधी गावकऱ्यांची हरकत विचारायची, असा नियम होता. त्यासाठी पनवेलच्या कचेरीतले साहेब आले. शेटने त्यांना बैलगाडीतून, मागे खुर्ची बांधून आणलं. देवळासमोर खुर्ची मांडली, साहेबांनी योजना वाचून दाखवली आणि विचारलं, "कोणाची हरकत आहे काय?"

आमचे दाजी पाटील देवळाची कौलं बघू लागले. बाकीच्यांनीही बघितली. कौलांकडे इतकं लक्ष ती शाकारतानाही कोणी दिलं नव्हतं.

साहेबांनी पुन्हा विचारलं.

"साहेब, आधी जेवून घ्या," दाजी म्हणाले.

साहेब जेवले. भाकरी मागून घेतली. निघताना शेटने प्रत्येकाच्या हातात पान आणि पानावर अख्खी सुपारी ठेवली. सगळ्यांनी हसत घेतली. 'हरकत नाही' असं लिहून साहेब गाडीत चढले. गाडी वळणाआड गेली तशी दाजींनी हाक मारली, "हौसे, पदर पसर. उंद्याच जा."

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली, सोबत मी. साहेबांच्या टेबलावर तिने पदराची गाठ सोडली.

"बाई, हे काय?"

"सुपाऱ्या. आख्ख्या गावाच्या. एक तरी फुटलेली हाय का बघा."

"म्हणजे?"

"म्हंजे नाय. आमचे नदीला हात लावाचा नाय."

"मग काल का नाही बोललात?"

"तुमी पावणे व्हतात. पावण्याला दारान नाय कोन म्हनतं?"

"आम्ही पाहुणे नव्हतो. चौकशीला आलो होतो."

"मंग जेवलाव कसे?"

कारकून खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. साहेबांचे कान लाल झाले. हरकत जागेवरच घ्यायची असते, कागद वर गेला, आता काही होत नाही, असं म्हणून त्यांनी सुपाऱ्या उचलायला सांगितल्या.

बाहेर पायरीवर कमळाकर शेट उभा. "हौसाबाई, द्या त्या इकडे. आमच्याच आहेत."

"तुमचा बापूस आमचे गावान भात घ्याला यायचा," हौसाआत्या म्हणाली. "आमची रीत तुमाला ठावी हाय. साहेबाला सांगितली का नाय?"

"मला कोणी विचारलंच नाही," शेट म्हणाला, आणि हसला.

ते हसू बघून मला कळलं, की ह्या माणसाने आमची भाकरी मोजूनमापून वापरली. सुनावणी कचेरीत झाली असती तर गावाने आरडाओरडा केला असता. म्हणून साहेबाला पाहुणा करून आणलं. हौसाआत्यालाही ते तेव्हाच कळलं असावं. तिने पदर झटकला. सुपाऱ्या पायऱ्यांवरून गडगडत गेल्या. खालच्या शेळीनेही त्या हुंगून सोडून दिल्या.

बांध झाला. माघात मळीसमोर गोटे उघडे पडले. हौसाआत्याने विहिरीवरून हंडे वाहून बघितले. आधी मुळा गेला, मग माठ, शेवटी वांगी. गिरणीचा भोंगा वाजला की ती हातात असेल ते आपटायची. काशीरामने घरातली मडकी माळ्यावर ठेवली.

पुढच्या वर्षी शेटला बांध उंच करायचा होता. पुन्हा मंजुरी, पुन्हा गाडी, मागे बांधलेली तीच खुर्ची. ह्या खेपेला देवळासमोर खुर्ची मांडायच्या आत हौसाआत्या गाडीच्या जुवाला हात लावून उभी राहिली.

"हरकत हाय," ती म्हणाली.

"अहो, मी अजून विचारलं नाही," साहेब म्हणाले.

"जेवाच्या आधीच सांगतंय. हाय."

"हौसे, पावणे हायत," दाजी हळूच म्हणाले.

"मंग तुमच्या घरा न्या, तुमची नदी द्या."

दाजींचं कौलांकडे बघून झालं, जमिनीकडे बघून झालं. मग खाकरून म्हणाले, "माझी पन हाय." त्यांच्या मागे अख्खं गाव म्हणालं. शेटने पानाचं तबक पुढे केलं, तर एकाचाही हात निघाला नाही. साहेबांना उभ्यानेच लिहावं लागलं.

बांध वाढला नाही. होता तो मात्र तसाच राहिला, आणि मळी आजही ओसाड आहे. सुपारी परत न्यायचं काम हौसाआत्याने त्या दिवसापासून सोडलं. सोयरीक नको असेल तर आता आमच्या गावात मुलीचा बाप दारातच सांगतो. पाहुणे म्हणतात, गाव बिघडलं.

त्या दिवशी गाडी परत वळताना साहेबांनी प्यायला पाणी मागितलं. हौसाआत्याने घरातून तांब्या आणला आणि त्यांच्या हातात दिला.

"प्या. हिरीचा हाय," ती म्हणाली. "नदीन तुमी कुटं ठेवलाव?"