गौसभाईंची दाढ

मोहोळ, मोडनिंब, माळशिरस, कुठंही जा, दातांचा असा दवाखाना सापडणार नाही जिथं गौस नदाफांनी चहा घेतलेला नाही. दात दाखवायला मात्र हा गृहस्थ पंचवीस वर्षांत एकाही खुर्चीत बसला नव्हता. सोलापुरात विजापूर वेशीत त्यांचं छोटं दुकान. पूर्वी तिथं टेपरेकॉर्डर दुरुस्त व्हायचे, पुढं ते कोणी दुरुस्तीला आणेना, तेव्हा गौसभाई दातांच्या यंत्रांकडे वळले.

त्यातही त्यांचा हातखंडा एका यंत्रावर. दिसायला मोबाइलच्या दुप्पट जाड डबी, तिला दोन वायरी. एका वायरीचा आकडा रुग्णाच्या ओठात अडकवायचा. दुसरीचा चिमटा दाताच्या मुळात घातलेल्या फाइलला लावायचा. फाइल म्हणजे केसासारखी बारीक सुई. ती मुळाच्या नळीतून खाली सरकते तसं यंत्र टिकटिकतं. मुळाचं टोक जवळ येईल तशी टिकटिक घाईला येते, आणि टोकाशी पोचलं की एकच लांब सूर लागतो. मग फाइल बाहेर काढून पट्टीवर मिलिमीटरमध्ये मोजायची, की नळीची लांबी कळली. रूट कनालचं सगळं नशीब या मापावर. माप कमी निघालं तर घाण आत राहते, जास्त निघालं तर रुग्ण डॉक्टरच्या नावानं शंख करतो.

एखादा डॉक्टर फोनवर करवादायचा, ‘‘गौसभाई, तुमचं यंत्र खोटं बोलतंय!’’

‘‘जरा ऐकवा की सर,’’ गौसभाई म्हणायचे. फोन यंत्राजवळ धरला जायचा. दोन-तीन सूर ऐकले की यांना रोग कळायचा, आणि दहातल्या नऊ वेळा तो यंत्राचा नसायचाच. कधी नळीत ओल राहिलेली असायची. कधी दातात जुनी चांदी भरलेली असायची आणि फाइल तिला टेकायची. मग वीज नळीतून जायचं सोडून चांदीतून आडवाटेनं निघून जाते आणि यंत्र टोक यायच्या आधीच ओरडायला लागतं. हे डॉक्टरला तोंडावर सांगायचं म्हणजे पंचाईत. पण गौसभाई ते अशा बेतानं सांगायचे की फोन ठेवताना डॉक्टरला वाटावं, चूक आपणच शोधून काढली.

यंत्र तपासायचं त्यांचं सामान म्हणजे एक साबणाची डबी. आत मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज आणि त्यात खोचलेली माणसाची दाढ. एकदा माळशिरसच्या एसटीत त्यांनी ती डबी सहज उघडून बघितली. शेजारच्या बाईंनी दाढेकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, पिशवी उचलली आणि मोडनिंबपर्यंत उभ्यानं प्रवास केला.

तर अशा या दातांच्या माणसाची खालची डावी दाढ दोन महिने ठणकत होती आणि तो ती घरात लपवत होता. कडक भाकरी आमटीत कुस्करून खायला लागले तेव्हा बायकोला, साबेराला, संशय आला.

‘‘डरते क्या जी?’’ तिनं सरळ विचारलं.

‘‘टाइम कुठाय?’’ म्हणत ते दुकानाकडे सटकले. आता खरं सांगायचं तर ते घाबरतच होते. खुर्चीत बसलेल्यांचे चेहरे त्यांनी पंचवीस वर्षं बघितले होते.

त्यांची मुलगी इफ्रा नुकतीच दातांची डॉक्टर झाली होती. सात रस्ता चौकातल्या डॉक्टर बिराजदारांना दवाखान्यात जोडीला डॉक्टर हवा होता. बिराजदार सर म्हणजे गौसभाईंचं पहिलं गिऱ्हाईक, स्वभावानं रोखठोक. ते म्हणाले, ‘‘गौसभाई, ओळखीवर घेणार नाही. एक दाढ तिनं माझ्यासमोर एकटीनं करायची. जमली तर माझ्याकडं, नाहीतर तिनं अजून दोन वर्षं कुठंतरी शिकावं. पेशंट बघतो मी.’’

‘‘माझीच घ्या की,’’ गौसभाई बोलून गेले. बोलून गेल्यावर आता माघार कुठली?

रविवारी सकाळी ते खुर्चीत आडवे झाले. सर मागं स्टुलावर बसले आणि म्हणाले, ‘‘आज तुम्ही पेशंट हं. मिस्त्रीपणा दाराबाहेर ठेवायचा. एक जरी खूण केलीत तरी परीक्षा रद्द.’’

‘‘अब्बा, दुखलं तरच डावा हात वर करा,’’ इफ्रा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. मदतनीस सावित्रम्मांनी दाढेभोवती रबराचा पडदा ताणून बसवला, म्हणजे बोलायचा प्रश्नच मिटला. भूल दिली. ड्रिल फिरलं. त्या दाढेत तीस वर्षांपूर्वी खुद्द बिराजदार सरांनीच भरलेली चांदी होती. इफ्रानं ती बरीचशी काढली, मागच्या भिंतीला थोडी राहू दिली.

मग ओठात आकडा आला आणि यंत्र सुरू झालं. गौसभाईंनी डोळे मिटले. टिक. टिक. टिकटिक. टिकटिकटिक, आणि लांब सूर. असं सुरेख चढत गेलेलं माप त्यांनी थोड्याच हातांचं ऐकलं होतं.

‘‘एकोणीस, म्याडम,’’ सावित्रम्मांनी पट्टीवर फाइल धरून सांगितलं.

दुसरी नळी. तशीच चढण, तसाच सूर.

‘‘साडेएकोणीस.’’

गौसभाईंची भीती कधी गेली ते त्यांनाही कळलं नाही. पोरीचा हात चांगला आहे, एवढंच डोक्यात होतं. तिसरी नळी मागच्या बाजूची. टिक. टिक. आणि मधली घाई झालीच नाही, एकदम लांब सूर.

त्यांचे डोळे खाडकन उघडले.

‘‘सोळा,’’ सावित्रम्मा म्हणाल्या.

हा सूर खोटा होता. त्यांना तो झोपेतही ओळखता आला असता. मागच्या भिंतीवरच्या चांदीला फाइल टेकत होती. इफ्रानं पुन्हा फाइल घातली. पुन्हा तेच, दोन टिक आणि लांब सूर. आता ती सोळाच धरून एक्स-रेचा फोटो काढायला सांगणार. फोटोत चूक उघडी पडणार, ती सरांच्या डोळ्यांसमोर, आणि पोरीची दोन वर्षं जाणार.

डावा हात पोटावर होता, तो बोटभर वर उचलला गेला. दुखतंय असं दाखवायचं फक्त. ती थांबेल, मग डोळ्यांनी मागची भिंत दाखवता येईल. सरांना काय कळतंय? माळशिरसच्या डॉक्टरला सांगितलं, मोहोळच्याला सांगितलं, मग पोटच्या पोरीला नाही सांगायचं?

पण उद्या या खुर्चीत दुसरा कोणी येईल. त्या माणसाला सूर कळणार नाही आणि त्याचा हात काही सांगणार नाही. तेव्हा हिला आठवेल की आपली पहिली दाढ अब्बांनी केली. गौसभाईंनी उजव्या हातानं डाव्या हाताचं मनगट पकडलं आणि खाली दाबलं.

मागं सरांचं स्टूल करकरलं.

‘‘सावित्रम्मा, कागदी काड्या द्या,’’ ती म्हणाली. तिनं नळी कोरडी केली. पुन्हा फाइल. पुन्हा खोटा सूर. ओल नव्हती, हे तरी ठरलं. आता दुसरं बघ, बाळा, दुसरं कारण बघ, गौसभाई मनातल्या मनात विनवत होते.

‘‘पुढच्या दोन्ही एकोणीसच्या आसपास, आणि मागची सोळा?’’ ती स्वतःशीच म्हणाली. ‘‘नाही पटत. आरसा द्या.’’

आरसा दाढेशी गेला. तिचं कपाळ इतकं जवळ आलं की त्यावरचा घाम दिसायला लागला. मग ती सरळ झाली आणि ड्रिल उचललं. मागच्या भिंतीवरची चांदी कराकरा निघायला लागली. गौसभाईंच्या डोळ्यांच्या कडांनी पाणी कानात उतरलं. सावित्रम्मांना वाटलं, दुखतंय. त्यांनी विचारलं, तर यांनी मान हलवून नाही म्हटलं.

टिक. टिक. टिकटिक. टिकटिकटिक. सूर.

‘‘वीस.’’

फोटो काढला. सरांनी तो बराच वेळ निरखला. ‘‘टोकाच्या अर्धा मिलिमीटर अलीकडं. कशानं अडलं होतं?’’

‘‘चांदी टेकत होती सर. मी आधीच सगळी काढायला पाहिजे होती.’’

‘‘पाहिजेच होती. माझी भरलेली म्हणून ठेवलीस काय?’’ सर हसले. ‘‘सोमवारी दहाला ये. साडेदहा चालणार नाहीत.’’

इफ्राच्या स्कूटरवर मागं बसून गौसभाई घरी निघाले. अर्धा ओठ अजून बधिर होता. आनंद पोटात मावत नव्हता, पण एक शंका टोचत होती. सरांना कळलं नसेल, हिला तर कळलं नसेल? सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा त्यांनी विचारलंच, ‘‘खरं सांग. माझ्या हाताकडं बघून ओळखलंस की नाही?’’

‘‘कुठल्या हाताकडं?’’

‘‘डावा. जरा उचलला होता.’’

तिनं वळून बघितलं. ‘‘दुखलं होतं? मग नीट वर करायचा ना, अब्बा! मी दाढेत बघत होते, मला काय दिसणार?’’

‘‘नाही, दुखलं नव्हतं,’’ ते म्हणाले.

सिग्नल सुटला. शाळेत असताना ही पोरगी गणित वहीत सोडवायची आणि उत्तर बरोबर का चूक ते अब्बांच्या चेहऱ्यावर शोधायची. ते जरा हसले की पुढं लिहायची, भुवई हलली की खोडायची. आज तासभर त्याच चेहऱ्यावर वाकून बसली होती, आणि चेहरा काही तिला दिसला नव्हता.