माळवदातला उजेड

ओल्या पांढऱ्या मातीचा वास आला की मी अजून सोलापूरच्या आमच्या मातीच्या माळवदावर जाऊन उभा राहतो. वडील, म्हणजे आमचे दादा, गवंडी. मी पुण्याला इंजिनिअर व्हावं, हा त्यांचा हट्ट. मला मुंबईला वास्तुकला शिकायची होती.

"चित्रं काढून घर उभं राहतंय व्हय?" ते म्हणायचे.

घरात अंधार, म्हणून आई भरदिवसाही चिमणी लावून मागावर विणायची. एका दुपारी मी बरोबर मागाच्या वर माळवदाला झरोका पाडला.

"गळंल की!" वडील ओरडले.

"कडा उंच घेतल्यात, वर काचही बसवलीय, दादा."

उजेड थेट मागावरच्या ताण्याच्या सुतांवर उतरला. आईनं हसून चिमणी फुंकली. वडील वर बघतच राहिले, मग म्हणाले,

"झरोक्याभोवतीच्या वासे-तुळया मी बघतो. तू मुंबईला जा."

पुढं पुष्कळ इमारती बांधल्या, टाळ्याही मिळाल्या. आईच्या त्या फुंकरीपुढं सगळ्या फिक्या.