सरदारची एकसष्टी

आमचे मालक सर्जेराव कुणाचं ऐकत न्हाईत. वारज्यातली जमीन बिल्डरला देताना सगळी भावकी म्हणाली, एवढ्यात देऊ नका. यांनी दिली, वर अंगणासकट बंगला मागून घेतला. कुत्रं आणायचं ठरलं तवा मी म्हणाले, आणा एखादं गावठी. तर आणलं काय? वासराएवढं, परदेशी जातीचं! नाव ठेवलं सरदार.

"ह्याला खायला कोण घालणार?" मी विचारलं.

"तू हायस की."

झालं! सात वर्षं मी त्याच्या भाकऱ्या थापतेय. केस झाडतोय, लाळ गाळतोय, नुसता वैताग. मालकांचं मात्र त्याच्याबिगर पान हलत न्हाई. सकाळी दोघं कालव्यापातूर फिरून येतात. लोक वाट सोडून उभे राहतात अन् यांची छाती फुगते.

यंदा आमच्या इंद्रजीतनं वडलांच्या एकसष्टीचा बेत काढला. वैशाखात, मोठं मंगल कार्यालय, हजार पान. त्याच आठवड्यात सरदार मागचा पाय ओढायला लागला, म्हणून जनावरांच्या डॉक्टर चैतालीताई घरी आल्या. पाय बघितला, गोळ्या दिल्या. मालकांनी खोदून विचारलं तवा म्हणाल्या, "काका, ही मोठी जात. आठ-नऊ वर्षं म्हणजे यांचं भरपूर आयुष्य. हा आता म्हातारा झालाय."

मालक उसळले. "आमच्या वस्तीवरचा मोत्या शिळ्या तुकड्यावर पंधरा वर्षं जगला की!"

"लहान अंगाची कुत्री जास्त जगतात, काका. याला आनंदात ठेवा. आजवर ठेवलंच आहे तुम्ही."

जेवताना मालक नुसते घास चिवडत होते. एकाएकी इंद्रजीतला म्हणाले, "कार्यालयात कुत्रं घेतात का रं?"

"न्हाई घेत, आबा."

"मग कार्यालय रद्द. एकसष्टी ह्या रविवारी, अंगणात. वैशाखापातूर हा ऱ्हाईल का न्हाई, कुणी सांगावं? माणसाच्या हिशेबानं हाबी आता साठीचाच की. दोघांची एकदम करू."

भटजी म्हणाले, साठ पुरी झाल्याबिगर शांत करता येत न्हाई. "शांत वैशाखात करा," मालक म्हणाले, "पुरणपोळी आत्ता."

रविवारी अंगणात पाट मांडला, शेजारी सतरंजी सरदारसाठी. कुत्र्याला ओवाळायचं म्हणून मी सकाळपासून धुसफुसत होते. लोक हसतील न्हाई तर काय! मालकांना ओवाळलं, शंभर वर्षं जगा म्हणाले. मग तबक घेऊन सरदारपुढं बसले. तो पाय ओढत जवळ आला अन् माझ्या मांडीवर डोकं टेकवून बसला. तोंड सगळं पांढरं झालेलं. इतके दिवस मी नीट बघितलंच नव्हतं. त्याला शंभर वर्षं म्हणायला माझी जीभ रेटेना.

"माझ्यातली दोन वर्षं घे रं बाळा," मी म्हणाले.

मालक बघतच राहिले. "मथुरे, चाळीस वर्षांच्या संसारात मला न्हाई कधी असं म्हणालीस!"

"तुमचं पुढं बघू," मी डोळे पुसत म्हणाले. "आधी ह्याचं."