मास्कवरचे डोळे
ओझरजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये वजनकाट्यावर बसणाऱ्या मावशी नसत्या, तर आईच्या ऑपरेशनला मी गावी पोचलोच नसतो. पेटीत द्राक्षांवर घालतात त्या कागदाचा गंधकासारखा वास आला की आजही तो दिवस आठवतो. तिथं सगळ्यांच्या तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. दिसायचे ते फक्त डोळे. मला सुट्टी मागायची होती, पण सुपरवायझरचे डोळे मला कायम सारखेच वाटायचे. मावशींनी बाही ओढली, "आत्ता नको जाऊ, लय पेटलाय." माझ्याबरोबरचा लोडिंगवाला गेला आणि शिव्या खाऊन आला. पॅकिंगच्या टेबलावरच्या बायका हसल्या, "गड्यांना कुठं कळतंय!" माझा जळफळाट झाला. शाळा त्यांनीही माझ्यासारखीच अर्ध्यात सोडलेली, मग नुसत्या डोळ्यांतला राग त्यांनाच कसा दिसतो? जेवणानंतर मावशी हळूच म्हणाल्या, "निवळलाय बघ. जा आता." गेलो, सुट्टी मिळाली, पण आनंदाआधी पुन्हा तीच जळजळ. दवाखान्यात आई म्हणाली, "मी बरी हाय," तेव्हा ते खरं की खोटं, मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मावशी असत्या तर त्यांना कळलं असतं. त्यांच्या डोळ्यांत मात्र मी कधी नीट बघितलंच नाही. एक दिवस बघेन, आणि त्यांनी काही मागायच्या आत धावून जाईन.