आईचं नाव

मागच्या श्रावणात एका सोमवारी वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. महिन्यानंतरही त्यांना 'पाणी' म्हणता येत नव्हतं. लहानपणी शाळेच्या पडवीत सुरात घोकलेले पाढे मात्र ते न अडखळता म्हणत. शब्दाच्या आधी माणूस बहुधा चाल शिकतो, आणि तीच शेवटपर्यंत टिकते.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्यांना शेजारी बसलेल्या आईचं नाव विचारलं. वडील तिच्याकडे बघत रडू लागले.

"रडता कशाला? जन्मभर 'अगं'वरच तर भागवलंत," आई म्हणाली. मग लग्नात त्यांनी घेतलेला उखाणा तिनेच सुरू केला, "विहिरीवर रहाट, रहाटाला दोर..."

वडील म्हणाले, "सुमनचं नाव घेतो वऱ्हाडासमोर."